पाय खाली

सोनकुसरेनं पहिल्यांदा बसवला तेव्हा
रिलेचे पाय आभाळाकडे होते.
गड्डीगोदामला, दीड हात रुंद दुकानात,
दातांत तार धरून तो म्हणाला,
"होऊन जाते ना काका, चारच तर पिना आहेत."
आणि टाकीखाली, सिलिंडरच्या डोक्याला लागून,
काळ्या टेपनं गुंडाळून मोकळा झाला.

मी काही बोललो नाही.
बोलायला पाहिजे होतं.
एकतीस वर्षं मी दुसरं काय बघितलं?
एक्स्चेंजमध्ये छतापर्यंत रिलेच्या रांगा,
रात्री दोननंतर त्यांची टिकटिक विरळ व्हायची,
मग एखादाच कुठं वाजायचा,
इतवारीत कुणाला डॉक्टर पाहिजे असेल.
कोणता थकला, मी कानानं सांगायचो.

नवतपा. दिवसा सेहेचाळीस, रात्रीही रस्ता भट्टीसारखा.
उमरेडहून येत होतो, मागे आंब्यांची पेटी,
पाचगावच्या पुढं येझदीचा दिवा गेला.
गेला म्हणजे गेलाच.
चाचपलं तर टेपचा गोंद झालेला
आणि रिलेची टोपी
उन्हात विसरलेल्या साबणासारखी.
मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न दिला नाही, ओव्हरटेकही केलं नाही,
दिघोरीपर्यंत स्वतःचा उजेड माझ्या पुढं टाकत राहिला.
नाक्यावर वळून गेला. मी हातसुद्धा केला नाही,
हात हँडल सोडत नव्हते.

म्हणून आज, ऊन उतरल्यावर,
मानेवाड्याच्या अंगणात पाट टाकून मीच बसलो.
डाव्या साइड कव्हरच्या आत जागा काढली,
वारा लागेल, चाकाचा चिखल पोचणार नाही अशी.
भंगारात निघालेल्या कुलरच्या पत्र्याची पट्टी कापली,
अंगठाही थोडा कापला.
पत्रा आणि रिलेच्या मध्ये
फाटक्या स्लिपरच्या रबराची चकती,
कारण ही गाडी उभ्या जागी थरथरते
आणि थरथरीनं आतली पत्ती
नको तेव्हा नको त्याला भेटते.
फ्यूज बॅटरीपासून बोटभरावर.
पिनांना व्हॅसलीन, वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा, मोज्यासारखा.
तारेला मुद्दाम झोल ठेवला,
थेंब आलाच तर झोलापर्यंत येऊन गळावा,
आत शिरू नये.
आणि पाय खाली.
सोनकुसरे, पाय खाली असतात बापा,
माणसाचे काय न् रिलेचे काय.

इतकी वर्षं हँडलवरचं ते बिचारं बटण
दिव्याचा सगळा करंट स्वतःच्या अंगावरून नेत होतं,
म्हणून ते तापायचं, म्हणून उजेड पिवळा.
आता त्यानं फक्त निरोप द्यायचा,
ओझं खाली दुसरा कोणी उचलेल.
आमच्या खात्यातले साहेब असेच होते.
फरक एवढाच, की हा रिले
टिक् करतो, म्हणजे ऐकल्याचं सांगतो.

इंदू ट्रंकवर होती तेव्हा.
मी खाली रिलेंच्या गल्लीत, ती वरच्या मजल्यावर,
तिचा आवाज आधी माहीत झाला, चेहरा पावणेदोन वर्षांनी.
"अकोला लागला का?"
"लागते आहे, बाई, धरा."
हेडफोनचा तो कान आता तिला साथ देत नाही.
मी काही सांगितलं तर मान हलवते,
ऐकून की न ऐकून, ते मी विचारत नाही.

अंधार पडला. शेजारच्या गजभियेंकडे कुलर सुरू झाला.
मी चावी फिरवली, किक मारली, तिसऱ्यांदा धरली,
बटण दाबलं.

टिक् मला इंजिनच्या आवाजात ऐकूच आलं नाही.
बोट रिलेवर होतं, बोटाला कळलं.
समोरची भिंत पांढरी झाली,
दोरीवरची तिची साडी, तुळशीमागची बादली,
आणि खिडकीत ती, डोळ्यांवर हात धरून.

"लागला?"

"लागला," मी म्हटलं,
आणि पुन्हा एकदा, मोठ्यानं.