वाहतूक: शून्य

पर्यटन कार्यालयाने दिलेल्या कागदावर चार रकाने आहेत:
अंतर, चढ, पृष्ठभाग, वाहतूक.
पहिले तीन मी खोगिरावर बसूनच भरते.
चौथ्यासाठी उतरावं लागतं.

आधी हवा सोडायची.
मागच्या चाकातली थोडी, पुढच्यातली जरा जास्त.
टायरने खडीशी भांडू नये,
नुसतं बोलत राहावं,
शेजारणी कुंपणावरून बोलतात तसं.

एकोणीस वर्षं हाच रस्ता मी ट्रकच्या काचेतून पाहिला.
पाठीशी बीचचे ओंडके, साखळ्यांचा खणखणाट,
घशात डिझेल.
तेव्हा चढ म्हणजे दुसरा गिअर होता,
आता चढ म्हणजे माझ्याच मांड्या.
तेव्हा वळण म्हणजे आरसा, हॉर्न, एखादी शिवी.
आता वळणाआधी वास येतो:
फरच्या ओल्या सालीचा,
मग कुजक्या पानांचा,
मग कशाचा तरी, ज्याचं नाव मला ठाऊक नाही,
आणि मग वळण.

किलोमीटर अकरा. चढ नऊ टक्के.
पांढरी चुनखडी, मधोमध गवताची शेंडी,
कडेला पाण्याने खोदलेल्या चऱ्या.
शेरा: नवख्यांनी जपून.
इथेच गेल्या वर्षी गाशपर पडला, माझा भाचा.
गुडघा फुटला तरी हसत होता वेडा.
मावशी, म्हणाला, सकाळपासून एक मोटार नाही,
एक माणूस नाही, चिटपाखरू नाही!
चिटपाखरं होती की.
त्याच्याच डोक्यावर बसून कलकलाट करत होती.

किलोमीटर चौदानंतर रान जरा विचित्र वागतं.
बीच, फर, बीच, फर,
आणि एकदम सफरचंद.
मग दुसरं. तिसरं. चौथं वठलेलं.
एका रांगेत.
रान कधी रांगेत उगवत नाही.

इथे मी उतरते.

खाजऱ्या पाल्यात पाय घातला की एक उंबरा लागतो,
मधे झिजलेला.
पुढे काही नाही. उंबऱ्यापलीकडेही रानच.
दगडी हौद आहे, त्यात बेडकांची पिल्लं,
आणि हौदाच्या काठावर कुणी कोयती परजल्याच्या खुणा,
इतक्या खोल की बोट बसतं.

युद्धातल्या एका हिवाळ्यात इथली माणसं
सामानासकट गाड्यांत बसली आणि गेली.
त्यांची भाषा वेगळी होती, देव तोच होता.
उरलेली घरं पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्याच सैन्याने जाळली.
तेव्हापासून या गावासाठी कुणी वाट वाकडी केली नाही.
आता वाटच मुळात वाकडी आहे
म्हणून लोक येतात,
महागड्या सायकली घेऊन, लांबलांबून.

आमचा मुकादम लुडविक दोन पेले झाल्यावर सांगायचा:
रस्ता बांधायला खडी कमी पडली
तेव्हा भिंती होत्याच की समोर.
खरं-खोटं तोच जाणे. तो गेला.
पण मी एकोणीस वर्षं
चाळीस टनांनिशी
कुणाच्या स्वयंपाकघरावरून गेले असेन,
हे त्या काचेआड कधी सुचलं नाही.

रस्त्यावर मधोमध अस्वलाची ताजी विष्ठा,
सफरचंदाच्या बियांनी गच्च.
म्हणजे पहाटे कुणीतरी येऊन गेलं.
झाडं हलवून गेलं.
इथून उचललेली फळं
दोन डोंगर पलीकडे नेऊन पेरेल,
कुणाची परवानगी न मागता.

मीही एक तोडते. आंबट, किडकं.
अर्धं खाते, अर्धं उंबऱ्यावर ठेवते.
का, ते विचारू नका.

चौथा रकाना आजही कोराच.
कार्यालयातली मिलोय्का भरेल तिच्या सुबक अक्षरात: शून्य.
तिचं काही चुकत नाही.
नकाशा विकला गेला पाहिजे.

आता उतार. सहा किलोमीटर, एकही पॅडल न मारता.
ऊन फरमधून चाळून पडतंय,
हाताखाली ब्रेक, दाढांत आंबटपणा,
टायरखाली खडी बोलायला लागली आहे.

जरा पुढे जाऊन थांबते.
हवा अजून थोडी सोडते.