रहिमतपूर, दीड मिनिट

सत्तावीस वर्षं या गावाशी माझी ओळख होती
ती एका खणापुरती.
टपालाच्या डब्यात, चालत्या गाडीत, रात्री,
वरून तिसरी ओळ, डावीकडून पाचवा,
कोरेगावच्या शेजारी.
दार उघडलं की एक पिवळा दिवा,
मफलर गुंडाळलेलं एक डोकं,
पिशवी दिली, पिशवी घेतली, कागदावर सही.
दीड मिनिट. शिट्टी.

निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात.
मी रहिमतपूरचं तिकीट काढलं
आणि घरी सांगितलं, जरा काम आहे.

स्टेशनापासून गाव लांब आहे
हे मला ठाऊकच नव्हतं.
पत्त्यात अंतर लिहीत नाहीत.
वडापच्या जीपमध्ये आल्याच्या पोत्याला टेकून बसलो.
ड्रायव्हरनं आरशातून विचारलं, "कुणाकडं?"
"कुणाकडं नाही. गाव बघायला."
"कुठलं?"
"हेच."
तो गप्प झाला.
उतरताना पाच रुपये कमी घेतले.

मग मी गाव बघितलं.
खानाच्या घुमटाखाली उभा राहून खोकलो,
खोकला वर जाऊन सावकाश परत आला.
चौंडेश्वरीच्या पायरीवर चपला काढल्या,
घातल्या तेव्हा त्या उन्हानं तापलेल्या.
कमंडलू म्हणजे नदी,
त्या दिवशी म्हशीच्या गुडघ्याएवढी.
बाजारात वाघ्या घेवड्याचा ढीग,
प्रत्येक दाण्यावर वेगळे पट्टे,
मूठभर उचलून न्याहाळत राहिलो
तर बाई म्हणाली, "नक्षी फुकट हाय, घेवडा इकत."
अर्धा किलो घेतला.

सलूनमध्ये, रसाच्या गाड्यावर, सायकलच्या दुकानात,
जिथं टेकलो तिथं एकच प्रश्न, "कुणाकडं आलायसा?"
आणि खरं सांगितलं की दुसरा,
"हितं काय हाय बघन्यासारखं?"
पोपट काशीद न्हाव्यानं तर वस्तरा थांबवला,
माझ्या गळ्याशी,
आणि विचार करून म्हणाला, "तसं म्हनाल तर, कायबी न्हाई."
त्यात तक्रार नव्हती.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही.
दर महिन्याच्या पाच-सहा तारखेला
भिलाईहून एक निळं अंतर्देशीय यायचं,
सौ. कलावती ढोले, कोष्टी गल्ली.
र ला लांब शेपूट काढायचा लिहिणारा.
मी ते खणात टाकायचो, बस.
चौऱ्याण्णव साली बंद झालं.
बदली झाली असेल.
घरात फोन आला असेल.
असेल काहीही.

पाय मात्र कोष्टी गल्लीत गेलेच.
एक माग अजून चालू होता, खटाक खटाक,
भिंतीतून रस्त्यापर्यंत येत होता.
दारात लसूण सोलत बसलेल्या म्हातारीनं
मान वर न करता विचारलं, "कुणाकडं?"
आणि दिवसभरात पहिल्यांदा माझ्याकडं उत्तर होतं.
"ढोल्यांच्याकडं."
"कुठल्या? आट घरं हाईत ढोल्यांची."
म्हटलं, "पुढच्या."
"म्होरं कुनीबी न्हाई. म्होरं वढा हाय."

ओढ्यापर्यंत जाऊन आलो.
परत येताना ती होती, लसूण सोलून झाला होता.
तिनं पाणी दिलं, तांब्याभर, गार.
नाव विचारलं नाही.
मीही नाही.

संध्याकाळी स्टेशन.
माझी पॅसेंजर बाजूला उभी करून ठेवली होती,
मेल आधी जाणार म्हणून.
बाकावर घेवड्याची पिशवी, वर मी.
मेल आली. डबे मोजले.
टपालाचा डबा नव्हता,
तो आता नसतो हे मला माहीत आहे,
तरी जिथं तो यायचा तिथं जाऊन उभा होतो.

समोरच्या खिडकीची काच वर झाली.
झोपेतला माणूस, अंगावर शाल.
"कुठलं स्टेशन?"
"रहिमतपूर," मी म्हणालो,
जसं घरी कुणी विचारायला आलं की
बापाचं नाव सांगावं.
"म्हणजे मिरज लांब आहे अजून,"
आणि त्यानं काच खाली ओढली.