अंदाजे, प्रत्यक्ष

वहीच्या पहिल्या पानावर दोन रकाने आखले मी:
अंदाजे. प्रत्यक्ष.
फूटपट्टी नव्हती म्हणून लग्नपत्रिकेच्या कडेने.
हॉलचं भाडं, अनामत, बारा टेबलं,
सोल्डरिंगची तार, चहा (दोनदा),
बॅनर. त्यावरचं नाव माझ्याच डोक्यातलं:
'मोडकं आणा, चालतं न्या.'
कन्नमवार नगरात असं कुणी केलं नव्हतं,
हे मी भेटेल त्याला सांगायचे.
सांगताना मान जरा वर जायची.

प्रज्ञेशने शिवणयंत्रवाला शोधला.
पंखे, मिक्सर, इस्त्र्या नईम स्वतःच बघणार होता.
शलाकाने चष्म्याच्या दुकानातून आणले
दोन हजार रुपये आणि एक अट:
बॅनरवर मालकाचा फोटो.
मी म्हटलं, नाही.
ती म्हणाली, मग पैसे तू आण.
त्या संध्याकाळी चार दुकानं फिरले.
चौथ्याने पाणी दिलं.
दुसऱ्या दिवशी बॅनरवर फोटो होता,
गॉगल लावलेला.

कामांची यादी मीच करायची,
प्रत्येक कामापुढे नाव.
ग्रेसीने एकदा वही ओढून मोजलं:
एकवीस ओळी, सोळा वेळा 'मी'.
"आम्ही काय टाळ्या वाजवायला?"
ती हसली. मी नाही.
पाच 'मी' खोडले.
त्यातले दोन रात्री हळूच पुन्हा लिहिले.

रविवार, सकाळी दहा.
टेबलं लागली, वायरी टेपने चिकटवल्या,
शिवणयंत्राला तेल घालून झालं.
साडेदहा. अकरा.
एक आजोबा आले, पंख्याखाली बसले,
पेपर वाचून गेले.
केंद्राचे मांजरेकर दारात उभे राहून
किल्ल्यांचा जुडगा वाजवत राहिले.
भाषण पाठ होतं माझं.
त्यातला 'उद्योजकता' हा शब्द
घशात कोरड्या बिस्किटासारखा अडकला.

ग्रेसी म्हणाली, "रविवारी बारापर्यंत
अख्खी वसाहत मासळी बाजारात असते.
सांगितलं होतं मी. दुसऱ्या बैठकीत."

मला बैठक आठवली.
खिडकी आठवली, वडापावचा तेलकट कागद,
तिचे हलणारे ओठसुद्धा.
आवाज आठवेना.
मी तेव्हा बोलत होते.

कुणाला न विचारता, मला तर नाहीच,
नईमने एक टेबल उचललं.
दुसरं टोक प्रज्ञेशने.
बाजाराच्या तोंडाशी, बर्फाच्या पाण्यात पाय रोवून
त्यांनी एका कोळणीची छत्री उघडली,
काडी बसवली, मिटली, पुन्हा उघडली.
तिने बसल्या जागेवरून हाक घातली
सगळ्या रांगेला.
ती हाक कुठल्याच रकान्यात नव्हती.

एक वाजल्यानंतर श्वास घ्यायला फुरसत नाही.
एका पिशवीत बोंबील, दुसरीत इस्त्री.
शलाकाने माझ्या हातात चिठ्ठ्या दिल्या:
"तू फक्त नाव आणि वस्तू लिही."
फक्त.
मी लिहीत बसले.
मागे काय चाललंय ते बघायला
तीनदा मान वळवली,
चौथ्यांदा नाही.

रात्री हिशेब.
चहा दोनदाचा पाचदा झालेला.
उरले तीनशे चाळीस,
पाच जणांत अडुसष्ट.
नईमने आपले मांजरेकरांच्या खिशात कोंबले.
कोळणीच्या हाकेसाठी मी एक ओळ कोरी सोडली,
ती अजून तशीच आहे.

आणि एक मिक्सर राहिला.
चालतो. नईमने दोनदा फिरवून दाखवला.
चिठ्ठीवर माझं अक्षर, घाईतलं.
'सौ.' एवढं लागतं,
पुढचं मलाच लागत नाही.
फोन नंबर विचारायचा राहिला होता.

आता रविवारी बाराच्या आत
तो काखेत घेऊन बाजारात उभी राहते.
हा कुणाचा, विचारते.
या वेळी एक बाई थांबली. तिचा नव्हता.
पण जावेचा टेबलफॅन, म्हणाली, नुसता गुणगुणतो,
वारा देत नाही, आणि सासूबाईंच्या चष्म्याची दांडी,
आणि अजून एक, पण ते असं रस्त्यात कसं सांगू.

मिक्सर खाली ठेवला.
वही काढली.
सावकाश सांगा, म्हटलं.
आधी तुमचं नाव.