तक्रारीचा रकाना

इनासनं ट्रॅक्स थांबवली
जिथं जांबोटीकडचा रस्ता पुढं यायला कंटाळतो.
तिथून दोन मैल चढ.
औषधांची ट्रंक माझ्या डोक्यावर,
बाजाची पेटी शांतवनकाकांच्या पाठीवर,
आणि दानम्मा सिस्टरच्या काखेत डोळे तपासायचा तक्ता,
लग्नाला निघालेल्या चटईसारखा गुंडाळून.

गवळीवाडा म्हणजे सात घरं.
अर्ध्यात माणसं, अर्ध्यात म्हशी,
मधे कमरेएवढा कूड.
रात्री कुणाचा श्वास कुणाचा, कळत नाही.

पहाटे झऱ्यावर माझी घागर चौथी.
बायका आधी माझे हात बघतात,
मग चुंबळ नीट करून देतात.
बोलत नाहीत.
परतताना पाणी मानेवर सांडतं,
तेव्हा हसतात.
तिसऱ्या दिवशी कमी सांडलं
तर त्यांना चुकल्यासारखंच झालं.

दानम्मा गोकाकची. तिचं मराठी
बेळगावच्या बाजारात घेतलेलं, मोजून.
"नाव? वय?"
मग तिसऱ्या रकान्यावर बोट: "तक्रार?"
सगू झोरे दचकली.
"न्हाई गं बाई, कुणावर न्हाई.
फारेस्टवाल्यावर हुती, ती बी जुनी झाली."
मी लिहिलं: गुडघे, डोळे, फॉरेस्ट.
फॉरेस्ट खोडलं.

जंताच्या गोळ्या, कापूस, जांभळं औषध.
बिरूचा अंगठा कोयत्यानं उघडला होता.
टाके घालताना दानम्मा कानडीत पुटपुटत राहिली.
मला वाटलं, प्रार्थना.
ती म्हणाली, "पाढे. सातचे.
हात हलत नाही."

आमचा तांदूळ पोत्यातच राहिला.
रोज कुठल्यातरी घरात
आमची ताटं आधीच मांडलेली:
नाचणीची भाकरी, ताक, लाल मिरचीचा खर्डा.
काका डोळे मिटून आभार मानायला लागले की
लांबतात.
सगू उलथनं घेऊन उभी.
"आदी खावा की, गार हुतंय.
मग सांगा त्याला, चव कशी हुती."

संध्याकाळच्या सभेला
पहिले तीन दिवस दोन शेरडं.
चौथ्या दिवशी मी ट्रंकेतला नाताळचा कागदी तारा काढला,
एक कोपरा दबलेला.
पोरांनी तो गोठ्याच्या आढ्याला टांगला
आणि त्याच्यामागून माणसं आली.

काकांनी गोष्ट सांगितली.
परक्या गावी अवघडलेली बाई,
धर्मशाळेत जागा नाही,
आणि बाळ, त्यांनी आवाज खाली घेतला,
बाळ गव्हाणीत.
इथं थांबायची त्यांना सवय आहे.
खानापुरात इथं बायका पदर डोळ्यांना लावतात.

सगू म्हणाली, "मग?
थंडीत आनी कुठं निजवायचं?
माझी पाचबी तितंच.
म्हस जवळ असली की पोर गारठत न्हाई."
बायकांनी माना हलवल्या.
"दाई कोन हुती?"

काकांनी पान उलटलं, परत मागं आणलं.
दानम्माकडं बघितलं, दानम्मानं माझ्याकडं.
"ते लिहिलेलं नाही," काका म्हणाले.
"मग ज्यानं लिवलं," सगू म्हणाली,
"त्यो भाईर थांबला असंल."

त्या रात्री काका बराच वेळ
पेटीचा भाता नुसताच दाबत बसले, सूर न लावता.
कुडापलीकडची म्हैस त्याला
फुसकारून उत्तर देत होती.

शेवटच्या सकाळी सगूला चष्मा बसला.
मी तक्ता धरला, तिनं तिकडं बघितलंच नाही.
आमच्या पोत्यातले मूठभर तांदूळ सुपात घेऊन
पाच खडे काढले
आणि माझ्या तळहातावर ठेवले.
"हे खाताय व्हय शेरात?"

अहवालाच्या कागदावर छापलेलं असतं:
किती जणांनी ऐकलं?
काकांनी पेन बराच वेळ झटकलं.
मग लिहिलं, तीन.
कोण तिघं, मी विचारेपर्यंत
त्यांनी पेटी पाठीला बांधली होती.

खालून इनासचा हॉर्न.
रिकाम्या ट्रंकेवर सगूनं ताकाचं मडकं ठेवलं,
तोंडाला फडकं बांधून.
पहिल्याच उतारावर ते माझ्या मानेवर सांडलं
आणि मागं, झऱ्याकडं,
कुणीतरी हसलं.