ढोलकीवाल्याचं म्हणणं

तानू डिंगणकर गेला. त्याच्या वहीत
गाण्यांपेक्षा बर्फाचे हिशेब जास्त.
हर्णैच्या कारखान्यात लाद्या ढकलता ढकलता
तो तुरेवाल्यांना उत्तर जुळवायचा,
बोटं बधिर, जीभ मात्र गरम.

एक कॅसेट निघाली. चिपळूणच्या स्टँडवर
वीस रुपयांना. कव्हरवर नाव चुकलं : तानाजी.
"असू दे," म्हणाला, "आवाज तर माझाच आहे ना."

मग घसा बसला.
शेवटच्या गौरीत खळ्यात बाल्यांचं रिंगण फिरत होतं,
तो खुर्चीत, एका पायात चाळ बांधून.
समोरच्या पोरानं सवाल टाकला,
सवाल तानूचाच, तीस वर्षांपूर्वीचा.
पोराला ठाऊक नव्हतं.

मी ढोलकी थांबवली.
तानूनं पाय आपटला : वाजव.
उत्तर त्यानं तेव्हाही लिहिलं नव्हतं.