आजची गल

समुद्रावरून चढणाऱ्या धुक्याला फाइफमध्ये हार म्हणतात.
मला आधी वाटलं, गळ्यात घालतात तोच.
त्या धुक्यात, पहाटे पावणेपाचला,
मी भोकं हलवतो.
आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली,
भोकं कुणी हलवतं का रे?

हलवतं. लोखंडी कापणी ओल्या गवतात दाबायची,
सव्वाचार इंच रुंद, वीतभर खोल,
मातीसकट अख्खा गड्डा उचलायचा,
कालच्या खड्ड्यात बसवायचा, पायाने थोपटायचा.
रिकामी जागा तेवढीच राहते. ती फक्त फिरते.
इचलकरंजीत आम्ही टाचेवर गरगर फिरून
गोट्यांसाठी गल पाडायचो.
ती कुणी रात्रीतून सरकवली तर डोकी फुटायची.

मर्डॉक इनेस, बावन्न वर्षं ह्याच मैदानावर.
पहिल्या दिवशी म्हणाला, बूट काढ.
फेब्रुवारी होता.
तिसरी हिरवळ चालून बघ.
चाललो, आणि तळव्यांना आठवलं:
आमटी एका बाजूला राहावी म्हणून
आजोबा ताटाखाली सरकवायचे ती लाकडाची ढलपी.
इथे निशाणाकडे मारायचंच नाही, तो म्हणाला,
उजवीकडे मार. बाकीचं उतार बघेल.
अकरावी म्हणजे काथवट.
सातवीच्या पोटात वाळूचा खड्डा, जात्याच्या तोंडासारखा.
कुणी केला, का केला, कागदोपत्री काही नाही.
मर्डॉक म्हणतो, एक मेंढी वाऱ्याला पाठ करून
रोज तिथेच बसायची. हट्टी होती.

पण पाचवी आणि तेरावी मिळून एकच हिरवळ.
पांढरं निशाण जाणाऱ्यांचं, लाल परतणाऱ्यांचं,
आणि दोघांच्या मधून कमरेइतकी खोल घळ,
तिच्यातही गवत तितकंच बारीक कापलेलं.
घळीत उतरलेला माणूस वाकला
की नुसती टोपी दिसते, चालणारी.

समितीला ती बुजवायची होती.
एडिनबराहून एक बाई आल्या, तिवई आणि लेझर घेऊन.
म्हणाल्या, हा उतार बसत नाही.
कशात, मर्डॉकने विचारलं.
त्या काही बोलल्या नाहीत. घळीत उतरल्या,
बराच वेळ उभ्या राहिल्या.
इथे वारा लागत नाही, म्हणाल्या.
अहवालात काय लिहिलं ठाऊक नाही.
निर्णय मार्चवर गेला.

ऑक्टोबरातला शनिवार, मर्डॉकचा शेवटचा.
कापणी त्याने माझ्या हातातून काढून घेतली,
गुडघ्यांना शिव्या देत घळीत उतरला
आणि अगदी तळाशी, जिथे कुणीच कधी पाडली नव्हती,
तेरावीची गल पाडली.

त्या दिवशी चेंडू कुठूनही येत होते,
चुकलेले, वाऱ्याने ढकललेले, दगडावरून उडालेले,
काठावर एक क्षण थबकायचे,
मग घरंगळत खाली. टप्.
ब्याऐंशीच्या मिसेस अबरक्रॉम्बींचा एका फटक्यात गेला.
त्यांनी तो तीनदा बाहेर काढून बघितला
आपलाच आहे ना म्हणून.
डॉक्टर पेटिग्रूंनी लेखी तक्रार दिली:
ह्याला खेळ म्हणत नाहीत.
मर्डॉकने ती चौघडी करून टोपीत ठेवली.

रविवारी मी एकटाच.
वरच्या कडेला, माणसं जिथे देवाचं नाव वेगळ्या अर्थाने घेतात,
तिथे नवी गल कापली,
गड्डा दोन्ही हातांत धरून घळीत उतरलो,
बसवला, थोपटला.
अजून तिथे गवताचा एक फिकट रुपया दिसतो.

मग आज कुठे हलवलंस, आईने विचारलं.
अवघड जागी, म्हटलं.
सोप्या जागी का नाही ठेवत रे, बिचाऱ्यांना?
वर्षातून एकदा ठेवतात, मी म्हणालो.
हे मी बोलता बोलताच ठरवलं.