पावती

भिंत एक मीटर वीस सेंटिमीटर जाड होती.
मला माहीत आहे, कारण ओतताना मी तिथं होतो,
ऑर्लिक डोंगरात, सबंध रात्र, कंदिलाच्या उजेडात.
काँक्रीट मध्येच थांबवायचं नसतं,
थांबलं की सांधा राहतो,
आणि तोफेचा गोळा नेमका सांधाच हुडकतो,
असं आमचा मुकादम बोहुस्लाव सांगायचा
आणि झोप आली की आमच्या तोंडावर पाणी मारायचा.

मग त्याच भिंतीच्या पोटात आम्ही सातजण राहिलो.
दोन मशीनगन, एक पेरिस्कोप,
हवेचा पंखा, तो हातानं फिरवायचा.
मी फिरवत होतो तेव्हा रेडिओनं सांगितलं
की शांतता झाली.

टेबल परक्या गावात होतं.
आमची माणसं हॉटेलच्या खोलीत बसवून ठेवली होती,
ऑपरेशन थिएटरबाहेर नातेवाईक बसवतात तशी.
युद्धात जिंकून तहात हरणारे असतात म्हणे.
आम्हाला युद्धही मिळालं नाही
आणि तहात खुर्चीही.

व्हेंडेलीननं पंखा थांबू दिला नाही.
का फिरवतोयस, विचारलं
तर म्हणाला, हाताला काहीतरी पाहिजे.

हुकूम आला : जसं आहे तसं सोडा,
खिळासुद्धा उपटू नका.
ताबा घ्यायला आलेला अधिकारी माझ्याच वयाचा,
सभ्य, हातमोजे काढून हात पुढे करणारा.
त्यानं भिंतीवर बोटांनी टकटक केलं,
कलिंगड घेताना करतात तसं,
आणि म्हणाला, उत्तम काम आहे.
मी किल्ली दिली. पावती मागितली.
तो हसला, पण लिहून दिली :
लोखंडी दार एक. पंखा एक. बादली एक.
खाली सही, तारीख.
देश असा काही शब्द नव्हता त्यात.

तीन वर्षांनी मी इंग्लंडात, उसन्या गणवेशात,
लेमिंग्टनला मिसेस थर्केटल यांच्या माडीवर.
त्यांचा विल्फ्रेड डंकर्कच्या वाळूवरून परतला नव्हता.
एकदा जेवताना त्यांनी विचारलं,
रागानं नाही, मीठ मागावं तसं :
तुम्ही लढला का नाहीत तेव्हा?
मी पाकिटातून कागद काढला.
वाचून दाखवला. बादली एक, इथपर्यंत.

बराच वेळ त्या काट्यानं वाटाणे बाजूला सारत राहिल्या.
मग म्हणाल्या : त्या रात्री मी चर्चमध्ये गेले होते,
देवाचे आभार मानायला.
बागेत खणलेला खंदक विल्फ्रेडनंच बुजवला,
त्यावर मी ट्यूलिपचे कांदे लावले.
छान आले होते त्या वर्षी.

मी त्यांना काय बोलणार?
आम्ही नकाशाच्या त्या बाजूला असतो
तर माझ्या आईनंही कांदेच लावले असते.
वाघाला शेजारच्या गोठ्यातली गाय दिली
की आपलं अंगण सुटलं, असं
वाटतंच माणसाला, भीतीच्या पहिल्या रात्री.
आणि त्या रात्री खरंच झोप लागते.
हेच अवघड आहे सांगायला : झोप खरी असते.

त्यांनी माझ्या चहात साखर घातली,
त्यांच्या रेशनातली. विचारलं नाही.

पंचेचाळीसच्या शरदात मी वर डोंगरात गेलो.
पेरिस्कोप नव्हता, दार नव्हतं,
पंख्याच्या जागी कोळ्यानं संसार मांडलेला.
त्यांनी आमच्या भिंतीवर तोफांचा सराव केला होता.
समोर मोठाले खड्डे, आत गजांची टोकं दिसत होती.
मी मेणबत्ती लावून आतून हात फिरवला,
एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत,
मग पुन्हा, खालून वर,
आंधळा चेहरा चाचपतो तसा.

बोहुस्लाव तोवर राहिला नव्हता,
नाहीतर त्याला सांगितलं असतं :
सांधा कुठंच नाही.

पावती अजून आहे माझ्याकडे.
बादली मात्र, खरं सांगायचं तर, माझी स्वतःची होती.